भूगर्भाकडे भविष्य मागणारे

भूकंप होऊन चार दिवस लोटले, मृतांची मोजदाद संपली, कीं आपल्याकडील सुशिक्षित समाजांत एक ठराविक खटला उभा राहतो. फिर्यादी बहुधा एखादे निवृत्त गृहस्थ असतात आणि आरोपी असतें भूगर्भाचें शास्त्र. “चंद्रावर यान उतरवितां, मग पायांखालची जमीन केव्हां हलणार एवढें सांगतां येत नाहीं?” असा त्यांचा सवाल, आणि उत्तर नकारार्थी आलें कीं तेथल्या तेथें निकालहि लागतो: “मग तुमचीं तीं यंत्रें, तीं भोकें आणि ते पगार हवेत कशाला?” या गृहस्थांच्या शेजारीं दुसऱ्या पंथाचे लोक राहतात. शास्त्राचें उणें निघालें कीं त्यांस मनांतून उकळ्या फुटतात. आदल्या रात्रीं कुत्रीं रडलीं होतीं, विहिरीचें पाणी गढूळ झालें होतें, अमुक ग्रह अमुक राशींत होता, हें सर्व त्यांस भूकंप झाल्यावर आठवतें. हे दोन पंथ एकमेकांस मूर्ख समजतात. माझ्या मतें ते सख्खे भाऊ आहेत. भूगर्भानें भविष्य सांगावें, एवढीच दोघांचीहि मागणी. तें न मिळाल्यामुळें एक शास्त्रावर रुसतो आणि दुसरा पंचांग उघडतो. ही मागणी मुळांतच चुकीची आहे. तिच्या नादीं लागल्यामुळें या शास्त्रापासून जें खरोखर मिळतें तें आम्ही पदरांत घेत नाहीं, आणि याची किंमत महाराष्ट्रानें एकदां सोडून दोनदां मोजलेली आहे.

या शास्त्राची पहिली अडचण ही कीं, त्याचा विषय त्याला पाहतां येत नाहीं. ज्योतिःशास्त्रज्ञाला कोट्यवधि मैलांवरचा तारा निदान दिसतो. भूशास्त्रज्ञाला स्वतःच्या टेबलाखालचें दहा कोसांवरचें दिसत नाहीं. सोव्हिएत रशियानें कोला द्वीपकल्पांत १९७० सालीं एक विवर खोदावयास घेतलें. एकोणीस वर्षांनीं तें १२,२६२ मीटरांपर्यंत गेलें आणि तेथें १८० अंश सेंटिग्रेडची उष्णता लागली. ही उष्णता अंदाजापेक्षां फारच अधिक होती. पुढें जाणें अशक्य होऊन बसलें. सरळ खालीं जाण्यांत माणसानें मारलेली ही सर्वांत मोठी मजल. पण पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. पृथ्वी म्हणजे एक हापूस आंबा असें धरलें, तर या विवरानें त्याची सालहि धड भेदलेली नाहीं.

मग आंत गर किती आणि कोय केवढी, हें आम्हांस कळलें कोठून? तें भूकंपांनींच सांगितलें. भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या पोटांतून जातात. दाट व टणक खडकांत त्यांचा वेग वाढतो, त्यांतील एक जात द्रवांत मुळींच शिरत नाहीं, आणि निराळ्या थराच्या सीमेवर त्या वांकतात किंवा परततात. या वागणुकीवरून आंतील रचना ताडावयाची. निष्णात वैद्य छातीवर बोटें वाजवून फुप्फुसांत पाणी झालें आहे कीं काय तें ओळखतो, तशांतलाच हा प्रकार. फरक एवढाच कीं, येथें बोट वाजविणें बहुधा आपल्या हातीं नसतें. ही विद्या ज्यांनीं उभारली त्यांत भारताच्या भूस्तर-संशोधन खात्यांतील रिचर्ड ओल्डहॅम यांचें नांव अग्रभागीं आहे. १२ जून १८९७ रोजीं आसामांत प्रचंड भूकंप झाला. त्याच्या दूरदेशींच्या यंत्रांवर उमटलेल्या नोंदी तपासून ओल्डहॅम यांनीं लहरींच्या निरनिराळ्या जाती वेगळ्या काढल्या, आणि १९०६ सालीं पृथ्वीच्या मध्यभागीं एक निराळा गाभा असल्याचा पुरावा जगापुढें मांडला. त्या गाभ्याच्याहि आंत आणखी एक गोळा आहे, हें डेन्मार्कच्या इंगे लेहमान या विदुषींनीं १९३६ सालीं दाखविलें.

यापूर्वींचीहि एक कथा सांगण्यासारखी आहे. भारताची मोजणी चालू असतां उत्तरेकडील कालियाना व मध्य भारतांतील कल्याणपूर या दोन ठिकाणांमधील अंतर त्रिकोणमोजणीनें एक येई आणि ताऱ्यांच्या वेधांवरून दुसरें येई. फरक अवघा सव्वापांच विकलांचा. एखाद्या सरकारी खात्यानें तो कोपऱ्यांत ढकलून दिला असता तर कोणाचें कांहीं अडलें नसतें. पण कलकत्त्याचे धर्मोपदेशक जॉन प्रॅट यांनीं हिशेब मांडला: हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढीत असला पाहिजे. आणि तो हिशेब पुरा झाला तेव्हां चमत्कार असा निघाला कीं, एवढ्या मोठ्या पर्वतानें ओळंबा जितका ओढावयास हवा त्याच्या एकतृतीयांशच तो ओढतो! १८५५ च्या सुमारास प्रॅट व इंग्लंडचे राजज्योतिषी एअरी यांनीं या कोड्याचीं जीं उत्तरें दिलीं त्यांतून, पर्वतांखालीं हलक्या द्रव्याची भरती असते, ही कल्पना जन्मास आली. ती आजहि या शास्त्राचा आधार आहे. प्रॅट, ओल्डहॅम, लेहमान, यांपैकीं एकानेंहि एकाहि भूकंपाची तारीख सांगितली नाहीं. आमच्या फिर्यादी गृहस्थांच्या न्यायानें तिघांचाहि पगार बंद करावयास हवा होता.

या फिर्यादीला खतपाणी घालण्याचें काम आमचीं वर्तमानपत्रें इमानेंइतबारें करीत असतात. २०१४ सालीं ब्राझीलमध्यें सांपडलेल्या एका हिऱ्यांत रिंगवुडाइट नांवाच्या खनिजाचा सूक्ष्म कण आढळला. हें खनिज ४१० ते ६६० किलोमीटर खोलीच्या दरम्यानचें. आणि त्या कणाच्या वजनांत सुमारें दीड टक्का पाणी, तेंहि स्फटिकाच्या बांधणींत जखडलेलें. लगेच मथळा झळकला: ‘पायांखालीं महासागर!’ कळशी बुडवावयासच निघालों जणूं. २०२३ सालीं पेकिंग विद्यापीठांतील दोघां संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि ‘पृथ्वीचा गाभा थांबला’ अशी बातमी घरोघर पोहोंचली. माझ्या वर्गांतील मुलेंसुद्धां “सर, आतां काय होणार?” असें विचारूं लागलीं. वास्तविक आंतील गाभा पृथ्वीबरोबर रोजच्या रोज फिरतोच आहे. शेजारच्या रुळावरून आपल्याच वेगानें धांवणारी आगगाडी आपणांस स्थिर भासते, आणि ती जराशी मंदावली तर मागें जात आहेसें वाटतें. तेवढ्याच अर्थानें तो ‘थांबला’. यांतील खरी नवलाची गोष्ट मथळ्यांत आलीच नाहीं. ती अशी कीं, दक्षिण अटलांटिकांतील सँडविच बेटांपाशीं ठराविक जागीं पुनः पुनः होणाऱ्या भूकंपांच्या लहरी तीस वर्षें जपून ठेविल्या, जुन्या नव्यांशीं ताडून पाहिल्या, आणि पांच हजार किलोमीटरांहून अधिक खोलीवरील गोळ्याच्या गतींतील हा किंचित् फरक त्यांवरून उकलला. २०२४ सालचा अमेरिकेंतील संशोधकांचा निबंध याच मार्गानें गेलेला आहे. पण तीस वर्षें जपून ठेवण्यांत मथळा कोठला?

आतां आपल्या घराकडे वळूं. दख्खनचें पठार अचल आहे, ही आम्हां महाराष्ट्रीयांची जुनी श्रद्धा. काळा पत्थर, सह्याद्रीचे कडे, त्यांस कोण हलविणार! ही श्रद्धा केवळ भाबड्या लोकांची होती असें नव्हे. १९६२ सालीं देशाचा पहिला अधिकृत भूकंप-विभागांचा नकाशा निघाला, त्यांत कोयनेचा परिसर शून्य क्रमांकाच्या विभागांत घातलेला होता. त्याच सुमारास कोयनेच्या १०३ मीटर उंचीच्या धरणामागें पाणी साठूं लागलें आणि भोंवतालच्या गांवांना लहान लहान धक्के जाणवूं लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे, लोक साखरझोपेंत असतां, ६.३ प्रतीचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालें, सुमारें १८० माणसें मेलीं, खुद्द धरणाला तडे गेले. जलाशयाच्या निमित्तानें झालेल्या भूकंपांत याहून मोठा भूकंप जगांत आजवर नोंदलेला नाहीं.

‘निमित्तानें’ हा शब्द मीं जाणूनबुजून घातला आहे. कारण इतकीं वर्षें चाललेल्या वादांतील सारी मेख त्या शब्दांत आहे. एका बाजूचे लोक म्हणत, धरणानेंच भूकंप केला. दुसऱ्या बाजूचे म्हणत, धरणाचा आणि भूकंपाचा कांहींएक संबंध नाहीं. दोन्ही पक्ष आवेशानें बोलत आणि दोघांपाशींहि जमिनीखालचा पुरावा नव्हता. खडकांत ताण सांचलेला असतो तो भूकवचाच्या हालचालींनीं, हजारों वर्षांचा. जलाशयाचें ओझें व भेगांतून खालीं मुरणारें पाणी त्या सांचलेल्या ताणाला वाट करून देतें. भरलेली बंदूक एकाची आणि चाप ओढणारें बोट दुसऱ्याचें, असा हा मामला. पावसाळ्यांत जलाशय भरला कीं पाठोपाठ धक्क्यांची संख्या वाढते, हें वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून दिसून आलें. दक्षिणेस वारणेचें पाणी अडल्यावर धक्क्यांचें क्षेत्र तिकडेहि सरकलें. शिवाय हे सारे धक्के वीस-तीस किलोमीटरांच्या आटोपशीर टापूंत आणि बहुतेक दहा किलोमीटरांच्या आंतील खोलीवर होतात. अभ्यासकाला याहून सोयीची जागा पृथ्वीच्या पाठीवर मिळणें कठीण. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे हर्ष गुप्त आणि त्यांचे सहकारी अर्धशतकाहून अधिक काळ हें सांगत आले. अखेर कराड येथें भूगर्भ संशोधनाची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली आणि कोयनेच्या परिसरांत ३ किलोमीटर खोलीचें प्रायोगिक विवर खोदलें गेलें; ६ किलोमीटरांपर्यंत जाण्याचा संकल्प जाहीर झालेला आहे.

तेथें काय मिळालें? वर सुमारें सव्वा किलोमीटर जाडीचा काळा पत्थर, साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या शिलारसाच्या थरांवर थर. आणि त्याखालीं एकदम अडीचशें कोटि वर्षांहून जुना ग्रॅनाइटी पाया. किल्लारीला हाच पत्थर केवळ ३३८ मीटर जाड निघाला होता आणि त्याखालीं गाळाच्या खडकाचा एक पातळ थर लागला होता. कोयनेकडील विवरांत तो मधला थर नाहींच. म्हणजे ज्याला आम्ही सरसकट ‘पठार’ म्हणून एका शब्दांत उरकून टाकतों, त्याचें पोट गांवोगांव निराळें आहे. आणि सर्वांत बोलकी गोष्ट ही कीं, ३ किलोमीटर खोलीपर्यंत पाणी आढळलें, आणि तें पावसाचें पाणी! सह्याद्रीवर पडणारा पाऊस एवढ्या खोल भेगांतून फिरत असतो. “पाणी तेथवर पोहोंचेलच कसें?” हा जो आक्षेप, त्याचें उत्तर कोणा पंडिताच्या व्याख्यानानें मिळालें नसतें, तें छिन्नीच्या टोकानें मिळालें.

फिर्यादी म्हणतील, हें सारें ठीक, पण पुढचा धक्का केव्हां? कोयनेच्या अभ्यासकांनींहि पूर्वसूचनेचे प्रयत्न केलेले आहेत, आणि ते त्यांनीं करावेत. परंतु या मार्गावर जगाला काय अनुभव आला तो ध्यानांत असूं द्यावा. चीनमध्यें हायचेंग येथें ४ फेब्रुवारी १९७५ रोजीं भूकंपापूर्वीं लोकांस घराबाहेर काढण्यांत यश आलें, तेव्हां आतां किल्ली सांपडली असें पुष्कळांस वाटलें. पुढल्याच वर्षीं जुलैमध्यें तांगशान शहर कोणत्याहि इशाऱ्यावांचून जमीनदोस्त झालें. सरकारी आंकड्याप्रमाणें तेथें २,४२,००० माणसें मेलीं. कॅलिफोर्नियांतील पार्कफील्ड येथें भूकंप साधारण बावीस वर्षांनीं येतो असें पाहून, तो १९९३ च्या आंत येणार असें अमेरिकन शास्त्रज्ञांनीं वर्तविलें आणि यंत्रांचा वेढा घालून ते वाट पाहत बसले. पाहुणा आला तो २००४ सालीं, अकरा वर्षें उशिरां. इटलींत ला’क्विला येथें तर भविष्याची मागणी न्यायालयापर्यंत गेली. धक्क्यांनीं घाबरलेल्या नागरिकांना अधिकाऱ्यांनीं दिलासा दिला. ६ एप्रिल २००९ च्या रात्रीं भूकंपानें ३०९ बळी घेतले. आणि २०१२ सालीं सहा शास्त्रज्ञ व एक अधिकारी यांना प्रत्येकीं सहा वर्षांची शिक्षा झाली. शास्त्रज्ञ अपिलांत २०१४ सालीं सुटले. हा खटला भूकंप न वर्तविल्याबद्दल नव्हता, खोटा धीर दिल्याबद्दल होता, असें त्याचे समर्थक म्हणतात. आणि तें अगदींच खोटें नाहीं. पण मी विचारतों, खोटा धीर जन्मास येतो कशांतून? लोकांस ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच हवें असतें आणि अधिकाऱ्यांस ‘आमच्याजवळ उत्तर नाहीं’ असें म्हणण्याची लाज वाटते, त्यांतूनच ना?

भविष्याच्या या हट्टापायीं काय निसटतें तें आतां नकाशाकडे पाहिलें म्हणजे कळेल. कोयनेचा भूकंप झाला आणि १९७० च्या नकाशांतून तो शून्य क्रमांकाचा विभागच काढून टाकण्यांत आला. चांगलें झालें. मग सर्वांत निर्भय म्हणून एक क्रमांकाचा विभाग उरला, आणि त्यांत लातूर-उस्मानाबादचा मुलूख होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं, विसर्जन आटोपून लोक निजले असतां पहांटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. प्रत ६.२, कोयनेहून कांकणभर लहानच. पण सरासरी आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसें दगावलीं, कारण दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचें जड माळवद. घर म्हणून जें बांधलें तेंच अंगावर आलें. मग २००२ सालीं तो एक क्रमांकाचा विभागहि नकाशांतून गेला. ‘येथें भय नाहीं’ असें सांगणारे दोन रंग नकाशावरून पुसले गेले, आणि दोन्ही वेळां ते महाराष्ट्रांतील गांवांनीं पुसले! हा नकाशा तारीख सांगत नाहीं. भिंत किती जाड, बांधणी कशी, दगडांत आडवे सांधे किती, छपराचें ओझें किती, हें तो सांगतो. जपानांत किंवा चिलींत माणसें वांचतात तीं मुख्यत्वें याच ज्ञानानें. जपानांत २००७ पासून देशभर जी धोक्याची सूचना मिळते तीहि भविष्य नव्हे. भूकंप झाल्यावर, वेगवान् लहर पुढें आणि विध्वंसक लहर मागें, या मधल्या कांहीं सेकंदांचा तो उपयोग आहे.

“गरीब देशाला असली चैन परवडते का?” हा शेवटचा आक्षेप. हाच प्रश्न करणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. बंगल्याच्या आवारांत कूपनलिका खणावयाच्या वेळीं त्यांनीं पाणाड्या बोलावला, हातांतला नारळ उभा राहिला तेथें भोंक मारलें, कोरडें गेलें. नारळ दुसऱ्या कोपऱ्यांत उभा राहिला, तेंहि कोरडें. जमिनींतून वीज सोडून खडकाचा विरोध मोजण्याची रीत जुनी आहे, आणि राज्य सरकारचें भूजलाच्या मोजणीचें खातें १९७२ पासून आहे, हें सुचविल्यावर ते म्हणाले, “त्यांचेंहि चुकतें.” चुकतें, यांत शंका नाहीं. पण पाणाड्याची चूक कोणी लिहून ठेवीत नाहीं, आणि मोजणाऱ्याची चूक कागदावर राहते. पुढची मोजणी तिच्यामुळें सुधारते. या फरकाला किंमत देण्याची आमच्या पदवीधरांची तयारी नाहीं, ही माझी तक्रार आहे. अडाण्यांविरुद्ध ती नाहीं.

कागदावर राहिलेल्या नोंदीची थोरवी पाहावयास दूर जावें लागत नाहीं. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चुंबकसूचीच्या हालचाली टिपून ठेवीत. सप्टेंबर १८५९ च्या आरंभीं ती सूची भलतीच बेफाम झाली. टिपणाऱ्यानें आंकडे टिपले आणि तो आपल्या कामाला लागला. सूर्यावरील उत्पातामुळें झालेल्या त्या चुंबकीय वादळाची तीव्रता किती होती, हें २००३ सालीं ठरविण्याची वेळ आली तेव्हां संशोधकांना आधार मिळाला तो कुलाब्याच्या त्या आंकड्यांचा. विजेचीं जाळीं व कृत्रिम उपग्रह यांना अशा वादळापासून किती धोका, हा आज कोट्यवधि रुपयांचा प्रश्न आहे. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहानें सूची बिघडणार, असें दिसतांच मुंबईकरांची सोय आणि सूचीची शांतता दोन्ही राखण्यासाठीं १९०४ सालीं अलिबागेस नवी वेधशाळा बांधली. इमारतींत लोखंड वापरलें नाहीं. आणि जुन्या नोंदींचा धागा तुटूं नये म्हणून दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेतले. त्या वेळचे संचालक नानाभाई मूस यांनीं कुलाब्याच्या साठ वर्षांच्या नोंदी संगतवार छापून काढल्या. परकी सरकार, तुटपुंजा पैसा. पण कांहीं घडत नसलेल्या दिवसांचींहि टिपणें नीट ठेवावयाचीं, ही शिस्त त्या माणसांत होती.

किल्लारीच्या परिसरांत १९९२ च्या ऑगस्टपासून महिनोन्महिने लहान धक्के जाणवत होते. लोक भ्याले होते. द्वीपकल्पाच्या त्या भागांत त्या काळीं भूकंपमापक यंत्रें तुरळक होतीं. एक क्रमांकाच्या विभागांत तीं दाट कोण बसविणार? जवळून दाट नोंदी मिळाल्या असत्या तरी तारीख सांगतां आली असती असें मी म्हणत नाहीं. पण खालीं एक जागृत भेग आहे, ती एवढ्या खोलीवर आहे, आणि वर माळवदाचीं घरें आहेत, इतकें वर्षभर आधीं नकाशावर मांडतां आलें असतें. कोयनेच्या विवराला आज जें यंत्रांचें जाळें जोडावयाचें आहे, त्याचा अर्थसंकल्पांतील आंकडा दरवर्षीं वाचावा, तें कोणकोणत्या वर्षीं बंद पडलें याची विचारणा करावी, आणि आपल्या नगरपालिकेनें बांधकामाची परवानगी देतांना भूकंपाचें कलम नुसतेंच शिक्क्यानें उरकलें कीं कोणी अभियंत्यानें हिशेब तपासला, हें तेथें जाऊन पाहावें. फिर्यादी गृहस्थांपाशीं निवृत्तीनंतरचा वेळ भरपूर आहे.